खडी मशिनांच्या धुळीत ग्लास रिन्सर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचं चहाचं दुकान पुणे–नगर रस्त्यावर, वाघोलीच्या थोडं पुढे आहे. आत भावडी, लोणीकंदकडे दगडखाणी आणि खडी मशिनं. खडी, कच (दगडाचा बारीक चुरा), क्रश सँड भरलेले हायवा, म्हणजे मोठे डंपर, पहाटेपासून रात्रीपर्यंत समोरून जातात आणि प्रत्येक गाडीमागे धुरळा उठतो. सकाळी साडेपाचला ओल्या फडक्याने पुसलेल्या काउंटरवर सहा वाजता बोटाने नाव लिहिता येतं. अशा जागी फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही ग्लास धुवायचा रिन्सर बसवला. आता डिसेंबर चालू आहे. उन्हाळा, पावसाळा, थंडी असं सगळं बघून झालं, म्हणून लिहायला घेतलं. घेण्याआधी मी जे जे वाचलं ते सगळं एसी कॉफी शॉपमधलं नाहीतर घरच्या सिंकवरचं होतं. धुळीत बसून धंदा करणाऱ्या कुणी लिहिलेलं काहीच सापडलं नाही.

ज्यांनी रिन्सर पाहिला नसेल त्यांना सांगते. स्टीलचा उथळ ट्रे, त्यावर जाळी आणि मधोमध चांदणीच्या आकाराची तबकडी. ग्लास उपडा धरून चांदणीवर दाबला की खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाण्याच्या बारीक धारा आतून बुडाला आणि कडांना जोरात लागतात. हात उचलला की स्प्रिंग चांदणीला वर ढकलते आणि पाणी बंद होतं. यंत्रात मोटर नाही, वायर नाही. सगळा खेळ पाण्याच्या दाबाचा.

आधी आमच्याकडे दोन बादल्या असायच्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. ग्लास पहिलीत घासायचा, दुसरीत बुचकळायचा, फळीवर उपडा घालायचा. गर्दीत वीस-पंचवीस ग्लास झाले की दुसऱ्या बादलीचं पाणी गढुळायचं. रात्री बादली ओतली की तळाशी बोटभर करडा गाळ निघायचा. एका गिऱ्हाइकाच्या ग्लासवरचा गाळ पुढच्याच्या ग्लासात थोडा का होईना जात होता, हे मला दिसत होतं आणि खुपत होतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याची धास्ती पुण्यात घरोघरी पोचली. त्याच दिवसांत आमच्याकडे रोज येणाऱ्या एका हायवावाल्या दादांनी ग्लास उजेडाकडे धरला आणि शांतपणे विचारलं, "वैनी, ग्लास कुठल्या पाण्यात धुता?" मी उत्तर दिलं, पण मला ते पटलं नव्हतं. कागदी कप घेता आले असते. पण त्यांनाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि रोजचे साडेपाचशे कप रस्त्याकडेला उडालेले मला बघवले नसते. शिवाय कटिंग काचेच्या ग्लासातच प्यावी असं आमचं आणि आमच्या गिऱ्हाइकांचं मत आहे.

रिन्सर 5,500 रुपयांना मिळाला. खरा खर्च त्याच्या मागचा आहे, आणि तो विकणारा सांगत नाही. दुकानाच्या छपरावर आमची 500 लिटरची टाकी आहे, रिन्सरपासून जेमतेम आठ फूट वर. पाणी दहा मीटर उंचीवरून आलं तर साधारण एक बार दाब मिळतो. आठ फुटांना पाव बारच्या आसपास. पहिल्या दिवशी चांदणी दाबली तर धारा निम्म्या ग्लासापर्यंत चढून ओघळायला लागल्या. आमचे हे म्हणाले, "हे तर मांजराने पाणी प्यायल्यासारखं झालं." मग अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप घेतला. पंपाने धार जोरात आली, पण दर ग्लासाला पंप चालू, बंद, चालू, बंद. दिवसात साडेपाचशे वेळा. आठवड्याभरात पंपाचा स्विच कुरकुरायला लागला. प्लंबरदादांनी 24 लिटरची प्रेशर टाकी जोडून दिली. तिच्या आत रबरी फुगा असतो, त्यात पाणी दाबून भरतं आणि पंप पंधरा-वीस मिनिटांतून एकदाच सुरू होतो. फुग्याच्या बाहेर हवा भरलेली असते. ती आम्ही गाडीच्या पंपाने 20 पीएसआय (हेही दाबाचंच माप) ठेवतो, म्हणजे पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या दोन पीएसआय खाली. दर दोन महिन्यांनी तपासावी लागते. वीज गेली तरी टाकीत जे साठलेलं असतं त्यात पन्नास-साठ ग्लास निघतात, हा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता. पंप आणि टाकी मिळून 11,000 रुपये लागले. ज्यांच्या नळाला मुळातच जोर आहे त्यांचा हा खर्च वाचेल, पण टपरीवर तसं क्वचितच असतं.

धूळ पहिल्यांदा पंपावर आली. पंप दुकानाच्या मागे उघड्यावर होता. त्यात कच जाऊ नये म्हणून मी त्याला गोणपाटाने गुंडाळून ठेवला. मला वाटलं, छान सोय केली. एप्रिलमध्ये भर दुपारी पंप बंद पडला. हात लावला तर चटका बसला. पंपाला मागे पंखा असतो, त्याच्या जाळीतून हवा गेली तरच मोटर थंड राहते, आणि मी नेमकी तीच जाळी झाकली होती. सुदैवाने आतल्या कटऑफने मोटर जळू दिली नाही. आता वर पत्र्याची टोपी आहे, चारी बाजू मोकळ्या, आणि पंप जमिनीपासून दोन विटा वर. पंख्याच्या जाळीवर दर तीन-चार दिवसांनी कोरडा रंगाचा ब्रश फिरवते. धुळीच्या जागी पंप घेणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून करावं.

मग फिल्टर. आमचं पाणी बोअरचं, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकरचं. टँकरच्या पाण्यात माती येते. वर टाकीचं झाकण सैल असेल तर धूळही आत पडते. फेब्रुवारीत टाकी आतून धुतली तेव्हा तळाशी मऊ करडा थर बसलेला होता. आम्ही सुरुवातीला एकच 5 मायक्रॉनचा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, स्पन (कापसासारख्या तंतूंचा) फिल्टर लावला होता. एप्रिलमध्ये तो नऊ दिवसांत विटकरी पडला आणि धार मंदावली. मग व्यवस्था बदलली. टाकीतून येणाऱ्या पाइपला आधी वाय आकाराची जाळी, मग पंप, प्रेशर टाकी, त्यापुढे 20 मायक्रॉन आणि शेवटी 5 मायक्रॉन. बारीक फिल्टर पंपाच्या आधी कधीच लावू नका. तो तुंबला की पंपाला पाणी ओढता येत नाही आणि पंप कोरडा फिरतो. आता 20 मायक्रॉनचा स्पन उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी, एरवी दीड महिन्याने बदलतो, आणि 5 मायक्रॉनचा तीन महिन्यांनी. वायची जाळी दर सोमवारी उघडून आपटायची, दोन मिनिटांचं काम. फिल्टरची घरं पारदर्शक घेतली, मळ बाहेरून दिसतो म्हणून. पण त्यांवर ऊन पडत होतं आणि महिन्याभरात आत हिरवट शेवाळ धरलं. आता त्यांवर काळा कपडा असतो आणि बघायचं तेव्हाच उचलते. टाकीचं झाकण घट्ट बसवलं, हवेच्या पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधली. एवढ्या एका गोष्टीने फिल्टरचं आयुष्य जवळपास दीडपट झालं.

गाळ अडवला तरी क्षार अडत नाहीत. आमच्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली, कठीणपणा लिटरला 460 मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतं असं आहे. म्हणजे पाणी पिण्यात बसतं, पण रिन्सरच्या भोकांना जड जातं. पाणी सुकलं की प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पांढरा कण उरतो, मग दुसरा, मग धार वाकडी जाते. एक धार सरळ माझ्या बाहीवर यायला लागली तेव्हा कळलं. उपाय सोपा आहे. दर मंगळवारी दुकान बंद केल्यावर चांदणी फिरवून काढायची, लिटरभर कोमट पाण्यात दोन पोह्यांचे चमचे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून अर्धा तास बुडवायची. बारीक बुडबुडे येतात आणि खर सुटते. मग मऊ टूथब्रश. सुई घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. एका भोकात घातली, भोक मोठं झालं आणि ती धार कायमची मंद पडली. परत बसवल्यावर वीस वेळा नुसतं पाणी सोडते, मगच ग्लास. लिंबूसत्व वापरताना जवळपास ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं कुठलंही औषध असू देऊ नका, दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. आणि संडास साफ करायचं ॲसिड स्टीलवर अजिबात नको. शेजारच्या हॉटेलात एकांनी ट्रेला ते लावलं, महिन्याभरात ट्रेला सुईच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडले. तारेचा चोथाही नको, त्याचे लोखंडी कण स्टीलवर राहतात आणि तेच पुढे गंजतात.

आता मूळ दुखणं. जूनच्या सुरुवातीला चांदणी वर येताना अडकायला लागली. हात काढला तरी पाणी ठिबकत राहायचं. प्लंबरदादांनी वरचं पाणी बंद करून चांदणी काढली, खालचा दांडा बाहेर ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दांड्याभोवती काळपट लगदा जमला होता. बोटांत चोळला तर पॉलिश पेपरसारखा खरखरला. खाणीतल्या दगडाचा कच तो, आमच्याकडचा काळा दगड चांगला कठीण असतो. हवेतली धूळ जाळीवर बसत होती, रिन्सरचं पाणी तिला ओली करत होतं, आणि चांदणी खाली-वर होताना तो चिखल दांड्याबरोबर आत ओढला जात होता. दांड्यावरच्या रबरी रिंगेला, आमच्याकडे वायसर म्हणतात तिला, एका बाजूने खाच पडली होती. नवी रिंग सहा रुपयांची. दादांनी घाईत तिला बेअरिंगचं ग्रीस लावलं. पंधरा दिवसांत रबर फुगलं आणि चांदणी आणखीच घट्ट झाली. या रिंगेला खाण्याच्या कामाचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेही मुगाच्या दाण्याएवढं.

हे उघडं पडलं तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या गावाकडे जात्यावर दळलेल्या, उखळ-मुसळ सांभाळलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, धूळ कोरडी आहे तोवर झटकायची. एकदा भिजली की ती चिखल होते, मग जात नाही." आम्ही नेमकं उलटं करत होतो. सकाळी आलं की पहिल्यांदा चांदणी दाबून पाणी सोडायचं आणि ट्रे धुवायचा, म्हणजे रात्रभर बसलेली धूळ आम्ही स्वतःच्या हाताने दांड्याच्या फटीत वाहून नेत होतो. त्या दिवसापासून नियम बदलला. रात्री दुकान बंद करताना चांदणी आणि जाळी कोरड्या फडक्याने टिपायची आणि वर स्टीलचं पातेलं उपडं घालायचं. सकाळी पातेलं काढल्यावर आधी कोरड्या ब्रशने चांदणीभोवती झटकायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग पाणी. दुपारी दोन-तीनच्या सुमारास गर्दी ओसरते, तेव्हा पुन्हा पातेलं. जूननंतर आतापर्यंत रिंग एकदाच बदलावी लागली, आणि तीही मी मुद्दाम उघडून बघितली म्हणून. माझ्या मते या यंत्राच्या देखभालीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

वापराची पद्धतही चुकत होती. पहिले दोन महिने कामावरचा मुलगा उष्टा ग्लास थेट चांदणीवर दाबायचा, धुतला असं समजून पुढे ठेवायचा. दिसायला ग्लास चकचकीत. पण रिन्सर आतून धुतो. बाहेरची कड, जिथे माणसाचा ओठ लागतो, तिथे पाणी पोचतच नाही. शिवाय साबण नाही, घासणं नाही. रिन्सर हा धुण्याचा पर्याय नाही, हे मी त्याला आणि स्वतःलाही बजावून सांगितलं. आता उष्टा ग्लास आधी मागच्या मोरीत जातो. तिथे चहाचा गाळ टाकणं, साबणाने आतबाहेर घासणं, वाहत्या नळाखाली धरणं. मग झाकणाच्या मांडणीत जाळीवर उपडे. फडक्याने पुसणं पूर्ण बंद केलं. तेच फडकं दिवसभर धूळ गोळा करून पुन्हा ग्लासला लावत होतं. चहा ओतायच्या क्षणी ग्लास रिन्सरवर दोन सेकंद दाबायचा, दोनदा झटकायचा, ओतायचा. मांडणीत असताना आतल्या कडेवर बसलेली धूळ तेवढ्यात निघते. झटकणं विसरलं तर बुडाशी चमचाभर पाणी राहतं आणि गिऱ्हाईक "आज पातळ का?" असं बरोबर विचारतं.

पद्धत बदलली तसं गटारीचं दुखणंही बरं झालं. आधी उष्ट्या ग्लासांमुळे दुधाची साय, साखर, चहापत्ती आणि कच यांचा ट्रेखाली राखाडी लगदा व्हायचा, उन्हाळ्यात तर तिसऱ्या दिवशी वास यायचा आणि चिलटं घोंघावायची. पाइप अर्ध्या इंचाचा आणि आडवा होता. सव्वा इंचाचा बसवला, चार फुटांना एक इंच उतार दिला. आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून ओततो. रिन्सरच्या आत मात्र उकळतं पाणी जाऊ देऊ नका, रबर आणि प्लॅस्टिकचे भाग त्यासाठी नसतात.

पाणी किती लागतं ते मी मापून पाहिलं. दहा ग्लासांचं पाणी भांड्यात धरलं तर सव्वा लिटरच्या किंचित खाली भरलं. साडेपाचशे ग्लासांना साधारण 66 लिटर. आधी पंधरा लिटरची बादली दिवसात आठ-नऊदा बदलायचो, म्हणजे सव्वाशेच्या वर जात होतं आणि पाणी तरीही गढूळच. मोरीतल्या नळाचं पाणी वेगळं, ते बादलीच्या काळातही वेगळंच होतं. रिन्सरचं पाणी जवळपास स्वच्छच असतं, ते आता पिंपात जमवतो आणि दुपारी दुकानासमोर शिंपडतो. तासभर तरी धुरळा उठत नाही, आणि काउंटरवर तेवढी कमी धूळ येते.

पावसाळ्यात धूळ नसेल म्हणून मी निर्धास्त होते. धूळ खरंच कमी झाली, पण गाड्यांच्या चाकांचा चिखल काउंटरपर्यंत उडायचा आणि बोअरचं पाणी जुलैत चार-पाच दिवस तांबूस येत होतं. तेवढे दिवस फिल्टर लवकर बदलले. जाळीखाली बुळबुळीत थर लवकर धरायचा, म्हणून ट्रे रोज रात्री काढून घासला. थंडीत एकच तक्रार: सकाळचं पाणी गार, ग्लास गार, कटिंग लवकर निवते. गार ग्लासात उकळतं पाणी फिरवून बघितलं तर दोन ग्लास तडकले, ते सोडून दिलं.

कुणी घेणार असेल तर दुकानात उभं राहून चांदणी हाताने फिरवून काढता येते का ते बघा. जिला काढायला पाना लागतो ती धुळीच्या जागी घेऊ नका, कारण ती तुम्ही दर आठवड्याला काढणार नाही. दांडा पितळेचा किंवा स्टीलचा असावा. आमच्या ओळखीच्या एकांकडे प्लॅस्टिकचा आहे, कचाने त्यावर चार महिन्यांत ओरखडे पडले आणि नवी रिंग घालूनही तो गळतो. ट्रे चुंबकाने तपासून घेण्यापेक्षा बिलावर 304 स्टील (स्टेनलेसची चांगली प्रत) लिहून घ्या. दोन जादा रिंगा आणि एक स्प्रिंग तिथेच मागा. रिंगा मला हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पण स्प्रिंग कुठेच नाही. माझी स्प्रिंग आता जराशी सैल वाटते, चांदणी पूर्वीसारखी टणकन वर येत नाही. मापून ठेवली आहे: जाडी 11 मिलिमीटर, लांबी 38, तार एक मिलिमीटरची, स्टेनलेस. विकणाऱ्याला तीनदा फोन केला, दर वेळी पुढच्या आठवड्याचा वायदा. पुण्यात, बुधवार पेठेत किंवा भोसरीकडे, या मापाची स्प्रिंग सुटी करून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा. फेब्रुवारीत धूळ वाढायच्या आत बदलून घ्यायची आहे.